दगड झालेलं पेडल आणि माझी बाइंडिंग वायर

अन्याय झाला तो आमच्या ईट गावच्या जीपवाल्या काकांवर. कधी झाला तेही सांगते: माघातल्या शुक्रवारी, सकाळी पावणेआठ वाजता, भूमच्या रस्त्यावरच्या उताराच्या तळाशी. पत्रक लिहायला शिकले तेव्हा मला पहिली गोष्ट हीच शिकवली गेली होती, की कुणावर आणि कधी हे पहिल्या दोन ओळींत आलं नाही तर तुमच्या पत्रकात लोक भजी गुंडाळतात. भजी गुंडाळलेली माझी पत्रकं मी पाहिलीत. म्हणून आधी हे सांगून टाकलं.

जीप गावातल्या बायकांच्या बचत गटाची आहे. जुनी, डिझेलची. रोज सकाळी ती आठ-दहा मुलींना भूमच्या कॉलेजला नेते आणि दुपारी आणून सोडते. मीसुद्धा तीन वर्षं त्याच जीपच्या मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन शिकले. काका तेव्हापासूनचे ड्रायव्हर. गाडीत बसले की चपला काढून सीटखाली सरकवतात आणि अनवाणी चालवतात. "पेडल पायाला कळाय पायजे," म्हणतात, "चप्पल घातली की मधी दलाल आला."

त्या शुक्रवारी उतारावर त्यांनी ब्रेकवर पाय दिला आणि पेडल हललंच नाही. खाली गेलं असतं तर निदान ब्रेक फेल झाला म्हणता आलं असतं. हे उलटं होतं. पेडल जागच्या जागी दगड झालं होतं. काका सीटवरून अर्धे उठून दोन्ही पायांनी त्यावर उभे राहिले तेव्हा गाडी कुठं जराशी मंदावली. समोर वळणावर उसाचा ट्रॅक्टर. काकांनी हँडब्रेक ओढला, गाडी डावीकडं रानात घातली आणि तुराट्यांच्या ढिगात नेऊन थांबवली. एकाही मुलीला खरचटलं नाही. काकांची छाती स्टेअरिंगवर आदळली आणि त्यांचाच दात त्यांच्या ओठात घुसला.

आता अशा माणसाला गावानं काय म्हणावं? गाव म्हणालं, "गाडी बंद करून उतरवली. डिझेल वाचवायला."

हे का म्हणालं तेही सांगते, कारण त्यात थोडं खरं आहे. आमच्याकडं उतार आला की गाडी न्यूट्रल करून किल्ली फिरवायची आणि फुकटात खाली जायचं, ही शहाणपणाची गोष्ट समजली जाते. जीपवाले करतात, टेंपोवाले करतात, मोटारसायकलवाले तर उतारावर गप्पा मारत जातात. बंद गाडीचा ब्रेक नीट लागत नाही हेही ठाऊक असतं, तरी करतात. काकासुद्धा करायचे. पण मुली गाडीत बसायला लागल्या तेव्हापासून सोडलं होतं. हे त्यांनी शुक्रवारी दुपारी, ओठावर रुमाल धरून, अध्यक्ष काकूंच्या ओट्यासमोर उभं राहून सांगितलं. गटाच्या अध्यक्ष म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. जीपची किल्ली त्यांच्या हातात होती. ती त्यांनी काकांकडून मागून घेतली होती.

"इंजिन चालू व्हतं," काका म्हणाले.

"चालू व्हतं तर ब्रेक का लागला न्हाय?" हे किराणा दुकानदार. त्यांची मुलगी त्या दिवशी गाडीत होती.

"पेडल दगड झालतं."

"दगड झालं म्हणं! काल मऊ, आज दगड."

"कालबी जडच व्हतं. आठ-दहा दिस झाले सांगतोय म्या."

हे खरं होतं. ते सांगत होते. मलाही सांगितलं होतं. मी काय म्हणाले होते? "काका, तुमचे गुडघे दुखतात, पेडलला काय होतंय." हे मी इथं लिहून ठेवते, कारण पुढं मला इतरांना बोलायचं आहे.

"अणदूरच्या खंडोबाची शपथ घिऊन सांगतो," काका म्हणाले, "किल्लीला हात लावला न्हाय."

"आधी चौकशी करा," दुकानदार म्हणाले, "देव अणदूरला परतलाय का अजून नळदुर्गातच मुक्कामाला हाय. रिकाम्या देवळाची शपथ कोण धरायचा?"

लोक हसले. अणदूरचा खंडोबा दरवर्षी थोडे महिने नळदुर्गला जाऊन राहतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळं विनोद सगळ्यांना कळला. काकाही जरा हसायला गेले, आणि ओठ दुखला म्हणून थांबले. माझं डोकं तिथंच फिरलं.

दुकानदाराची मुलगी दारामागून म्हणाली, "आरसा हलत व्हता." कुणी लक्ष दिलं नाही. मी विचारलं, कसला आरसा? ती म्हणाली, पुढचा. ती रोज त्या आरशात बघून टिकली नीट करते. इंजिन चालू असलं की आरसा थरथरतो आणि टिकली वाकडी लागते. त्या दिवशी उतारावरही वाकडीच लागली होती. "म्हंजी इंजिन चालू व्हतं," मी ओरडले. दुकानदार म्हणाले, "टिकलीवरनं कोर्ट चालतंय का?" आणि मुलीला आत पाठवलं.

काकूंनी निकाल लांबवला. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी गटाची बैठक घ्यायची, तोवर गाडी गॅरेजला दाखवायची. गाडीत दोष निघाला तर काका राहतील. न निघाला तर नवा ड्रायव्हर बघून ठेवलाच आहे. वर काकू काकांना म्हणाल्या, "तुमी वाईट वाटून घिऊ नगा." किल्ली काढून घेऊन वर हे! तोवर मुली एसटीच्या फाट्यावर उभ्या राहणार, एसटी आली तर कॉलेजला जाणार.

गाडी भूमला गॅरेजात गेली. तिथल्या मिस्त्रीनं एक चक्कर मारली, पेडल दाबलं आणि म्हणाला, "लायनर घासलेत." लायनर बदलले. पेडल दगड. मग म्हणाला, ब्रेक ऑईल खराब झालंय. ऑईल बदललं, चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली, म्हणाला, "आता बघा, लोण्यावानी." मी स्वतः बसून पाय दिला. लोणी कसलं, पाट्याचा वरवंटा होता. मग त्यानं मास्टर सिलेंडर बदललं. तो दिवस गेला. पेडल तिथंच.

"पण तुम्ही आधी तपासलं का, दोष कशात आहे?" मी विचारलं.

"तपासायचं काय त्यात? एकेक बदलत जायचं. कुठं तरी घावतंयच."

"आणि नाही घावलं तर?"

तो पाना पुसत म्हणाला, "मंग ड्रायव्हरच्या पायात दम न्हाय म्हणायचं. वय झालंय त्यांचं."

काका शेजारीच उभे होते. भूमपर्यंत ते एसटीनं यायचे, रोज, आणि गॅरेजच्या दारात उभे राहायचे, जसं काही आपलं माणूस दवाखान्यात आहे. हे ऐकून त्यांनी फक्त स्वतःच्या पायांकडं बघितलं.

मला राग आला की मी पत्रक लिहिते. दुसरं काही येत नाही. मी रविवारी बाजारात वाटायला पत्रक काढलं. मथळा होता: उतारावर मुलींचा जीव टांगणीला. मागण्या होत्या चार. उतारावर गतिरोधक घाला, वळणावर फलक लावा, उसाच्या ट्रॅक्टरांना मागं लाल दिवा सक्तीचा करा, आणि गॅरेजवाल्यांनी अंदाजपंचे दुरुस्ती बंद करावी. सगळ्या मागण्या रास्त आहेत, आजही माझं तेच म्हणणं आहे. पण त्यातल्या एकीनंही ते पेडल मऊ होणार नव्हतं. भजीवाल्यानं पत्रक वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, "अजून हायती का? कागद चांगलाय."

सोमवारी मिस्त्रीनं गाडी तशीच हळूहळू गावात आणून सोडली. मंगळवारी काका मला म्हणाले, "परंड्याला एक चाचा हाय. म्या ट्रकवर क्लीनर व्हतो तवापासनं वळखतो. त्याला दाखवू."

मी काकूंकडं गेले. किल्ली मागितली. त्या म्हणाल्या, ब्रेक नसलेली गाडी परंड्यापर्यंत कोण नेणार? मी म्हणाले, काका नेतील आणि मी शेजारी बसेन, काही झालं तर दोघं एकदमच जाऊ, तुमचा ताप कमी. "तुझ्या तोंडाला ब्रेक न्हाय ते आधी बघ," काकू म्हणाल्या, पण किल्ली दिली.

बुधवारी आम्ही निघालो. पहिला नाहीतर दुसरा गिअर, तिसरा नाही. माझ्या मांडीवर एक मोठा धोंडा, उतार आला की उडी मारून चाकाखाली टाकायला. दूधवाला सायकलवरून आम्हाला ओलांडून गेला आणि मागं वळून म्हणाला, "काका, वरात हाय का?" काका म्हणाले, "व्हय, जेवून जा." अख्खी सकाळ गेली. धोंड्यानं माझ्या मांडीला वळ उठले. पण त्या सबंध रस्त्यात काकांनी कुठं थांबायचं ते इतकं आधी ठरवलं होतं, की धोंडा एकदाही खाली टाकावा लागला नाही. ज्यांना वय झालं म्हणतात त्यांचं हे काम.

परंड्याचे चाचा कुर्डुवाडी रस्त्याला एका पत्र्याखाली बसतात. त्यांनी सगळी हकीकत ऐकली. काय काय बदललं ते ऐकताना त्यांचा चेहरा आंबट झाला. मग एकच विचारलं, "इंजन बंद करून पेडल मारलं का कुणी?"

कुणीच मारलं नव्हतं. पाच दिवसांत एकानंही नाही.

"बैस," चाचा मला म्हणाले.

"मी?"

"पत्रकं वाटती न्हवं तू? मंग आधी कळू दे तुला. बैस."

मी काकांच्या सीटवर बसले. चपला काढल्या. चाचांनी सांगितलं तसं इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबलं. दगडच होतं. "आता पाय तसाच दाबून ठेव आन् गाडी चालू कर." केली. "पेडल खाली गेलं?"

"नाही."

"जायला पायजे व्हतं. इंजन चालू झालं की पायाखाली बोटभर बसाय पायजे." त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. बॉनेटची काडी कधीच मोडलेली, त्यामुळं काकांनी ते डोक्यावर तोलून धरलं. पेडलच्या समोर, इंजिनाच्या खोलीत, भाकरीच्या डब्याएवढा एक काळा गोल डबा होता. "ह्यो बूस्टर. पाय तुझा, पण जोर ह्याचा. इंजनावरचा पंप ह्या डब्यातली हवा वढून घेतो, आन् मंग हा डबा तुझ्या पायाला हात देतो. हवा वढली न्हाय तर तू एकटी. मंग पैलवान बसव न्हायतर नवरदेव, पेडल दगडच."

पंपापासून डब्यापर्यंत रबराचा एक पाईप जातो. चाचांनी गाडी चालू ठेवून पाईपाचं डब्याकडचं टोक उपसलं आणि माझा अंगठा त्यावर ठेवायला लावला. मांजराचं पिल्लू चाटावं एवढीच ओढ. मग पंपाकडचं टोक काढून पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवायला लावला. अंगठा असा आत ओढला गेला की मी ओरडले.

"पंप चांगला," चाचा म्हणाले. "पाईप चोर."

दोन्ही टोकं परत बसवून ते पाईपावरून बोटं फिरवत गेले. मधोमध थांबले. तिथं काळपट, तेलकट झालेला झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा होता आणि त्याखाली बाइंडिंग वायरचे तीन वेढे. वायर रबरात रुतली होती. चाचांनी कान जवळ नेला, मलाही न्यायला लावला. इंजिनाच्या आवाजाखाली बारीक सुसकारा येत होता, उकळत्या दुधावर फुंकर मारल्यासारखा.

"दसऱ्याची माळ," चाचा म्हणाले. "कुण्या शहाण्यानं बांधली बॉनेटच्या आत?"

खंडेनवमीला आमच्याकडं गाडीची पूजा होते. माळ नेहमी पुढच्या जाळीला बांधतात. आदल्या वर्षी ती पूजा संपायच्या आत शेळीनं खाल्ली होती आणि बायकांना ते बरं वाटलं नव्हतं. म्हणून यंदा माळ बॉनेटच्या आत बांधायची ठरली. दोरा इंजिनाच्या उष्णतेनं जळेल म्हणून वायर हवी होती. आणि बाइंडिंग वायर गावात कुणाच्या पिशवीत कायम असते? जी खांबांवर फलक बांधत फिरते तिच्या. बांधायला हाताशी आलेला पाईप बरा वाटला होता. पक्कडीनं पिळून मी वर म्हणालेही होते, "आता पुढच्या दसऱ्यापर्यंत हलत नाही."

मी डावखुरी आहे. माझा पिळा उलटा पडतो. तो पिळा मी लगेच ओळखला. रबर तापायचं, थरथरायचं, आणि माझी वायर रोज थोडी आत जायची. खंडेनवमीपासून माघापर्यंत.

पूजेची माळ कुणी काढत नाही, ती आपोआप गळायची असते. भूमच्या मिस्त्रीनं तीन वेळा त्याच बॉनेटखाली हात घातला आणि तिन्ही वेळा माळेला धक्का लागू नये म्हणून बाजूनं घातला. त्याला मी पत्रकात अंदाजपंचे म्हटलं होतं. तो होताच. पण वायर त्याची नव्हती.

"म्या बांधली," मी म्हणाले. घाबरले की माझी भाषा आजीसारखी होते.

बॉनेट डोक्यावर धरलेले काका म्हणाले, "तू बांधत व्हतीस तवा बॉनेट म्याच धरलं व्हतं. असंच."

"तुम्हाला तेव्हाच कळलं नाही?"

"देवाच्या माळंला नगं कसं म्हनावं? आता हे उतरू का खाली? मान गेली."

चाचांनी पाईप बदलला. डब्याजवळच्या वॉल्वमध्ये फुंकून बघितलं, एका बाजूनं हवा जाते आणि दुसऱ्या बाजूनं येत नाही हे तपासलं, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. सगळं मिळून चहा निवायला लागतो तेवढा वेळ. मग मला पुन्हा बसवलं. इंजिन बंद, पाच-सहा दाब, पाय दाबून ठेवला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि माझ्या अनवाणी पायाखालचं पेडल बोटभर खाली बसलं, जसं काही कुणी खालून हात देऊन म्हणावं, सोड आता, मी धरलंय.

मला रडू आलं. चाचा म्हणाले, "अगे रडती कशाला, ब्रेक लागला की."

जुना पाईप वायरीसकट मी गुरुवारच्या बैठकीत नेला. सतरंजीवर मधोमध ठेवला. सगळं सांगितलं: इंजिन चालू होतं, आरसा हलत होता, पेडल आठ-दहा दिवस आधीपासून जड होतं, काकांनी सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. आणि वायर माझी. मी पाईप वाकवून भेग दाखवली. बायका वाकून वाकून बघत होत्या. काकूंनी तो हातात घेतला, नाकाशी नेला, कशाला ते देव जाणे, आणि म्हणाल्या, "माळ बांधायला आमीच सांगितलं व्हतं तुला." मग उठल्या आणि किल्ली काकांच्या हातात दिली. म्हणाल्या, "सोमवारपासनं टायमावर या."

बस. एवढंच. टायमावर या!

दुकानदार मागं उभे होते. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "काकांना काही म्हणायचंय का तुम्हाला?"

ते म्हणाले, "म्हनायचं काय त्यात? दोष गाडीचा निघाला. झालं की मिटलं." आणि गेले. सोमवारी त्यांची मुलगी पुढच्या सीटवर बसून आरशात टिकली लावत कॉलेजला गेली. दुकानदार अजून काही बोललेले नाहीत. काका त्यांच्या दुकानातून तंबाखूची पुडी घेत नाहीत, त्यासाठी वेशीपर्यंत चालत जातात. विचारलं तर म्हणतात, "पाय मोकळं हुत्यात."

मी काकांकडं गेले होते, बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पावणेआठलाच. म्हणाले, चुकलं माझं. वायरीचं, आणि गुडघ्यांचं बोलले होते त्याचं जास्त. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "पोरी, वायरीचं सोड. तवा ऐकलं असतंस तर बरं व्हतं."

मिटलं म्हणणाऱ्यांचं मिटतं. ज्याच्यावर आळ आला त्याचं मिटत नाही, तो तंबाखूसाठी वेशीपर्यंत चालतो.

म्हणून वाचणाऱ्या तुमच्याकडं मागणी आहे, आणि ती सरकारकडं नाही, तुमच्याकडंच आहे. आज गाडी सावलीत उभी करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा, आणि पेडल बोटभर बसलं नाही तर एक पाऊल पुढं नेऊ नका. बॉनेट उघडा आणि आत कुणी माळ, दोरा, वायर बांधली असेल तर ती आधी कापा. देवाला राग येणार नाही, आला तर माझं नाव सांगा. आणि तुमच्या गावात असा कुणी ड्रायव्हर असेल, ज्यानं पेडल जड लागतंय म्हटलं होतं आणि ज्यानं डिझेलसाठी गाडी बंद केली असं तुम्ही नंतर म्हणालात, तर हा कागद खाली ठेवा, चपला घाला आणि त्याच्या दारात जाऊन म्हणा, चुकलं. मागणी एवढीच. आत्ता उठा.